गोळ्यांच्या पाकिटावरचा कोड आणि औषध देणाऱ्याचे बदलते काम

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आपण मेडिकलमध्ये जातो, काउंटरपलीकडचा माणूस कपाटातून पाकीट काढतो, बिल करतो आणि पिशवी आपल्या हातात देतो. दोन-तीन मिनिटांच्या या व्यवहारात खरे तर चार वेगवेगळ्या गोष्टींची खातरजमा व्हायला हवी असते: औषध अस्सल आहे का, डॉक्टरांनी लिहिले तेच आहे का, समोरच्या रुग्णाला ते चालेल का, आणि घरी गेल्यावर तो ते नीट घेईल का. आजवर या चारही गोष्टी फार्मासिस्टची नजर, त्याची स्मरणशक्ती आणि त्याच्याकडे असलेला वेळ यांवर अवलंबून होत्या. आता त्यांपैकी प्रत्येकीसाठी काही ना काही तंत्रज्ञान आले आहे किंवा येऊ घातले आहे. औषधक्षेत्रातील नवे शोध म्हटले की आपल्याला प्रयोगशाळा आठवतात. पण तयार झालेले औषध रुग्णाच्या पोटात योग्य वेळी, योग्य मात्रेत जाण्याचा जो शेवटचा टप्पा आहे, तिथले बदल सामान्य माणसाच्या अधिक जवळचे आहेत आणि त्यांची चर्चा मात्र फार कमी होते.

अस्सलपणापासून सुरुवात करू. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत वापरल्या जाणाऱ्या दर दहा वैद्यकीय उत्पादनांपैकी सुमारे एक निकृष्ट किंवा बनावट असते, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये मांडला होता. निकृष्ट आणि बनावट यांत फरक आहे. निकृष्ट औषध परवानाधारक कारखान्यातच बनलेले असते, पण त्यात घटकद्रव्य कमी असते किंवा गोळी पोटात नीट विरघळत नाही. बनावट औषध मात्र दुसऱ्याच्या नावाखाली फसवणुकीसाठीच बनवलेले असते. पहिल्या प्रकारावर प्रयोगशाळेतील तपासणी हाच उपाय आहे. दुसऱ्या प्रकाराला रोखण्यासाठी पाकिटावरचा कोड उपयोगी पडू शकतो.

भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून असा कोड काही औषधांवर सक्तीचा झाला. औषध नियमावलीला ‘एच-२’ हे नवे परिशिष्ट जोडून त्यात मोठ्या खपाच्या ३०० ब्रँडची यादी देण्यात आली. अलेग्रा, शेलकॅल, कालपोल, डोलो, मेफ्ताल यांसारखी घरोघरी माहीत असलेली नावे तीत आहेत. या औषधांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणे अथवा चिकटवणे उत्पादकाला बंधनकारक आहे. आतल्या वेष्टनावर जागा पुरत नसेल तर तो बाहेरच्या खोक्यावर चालतो. मोबाइलने कोड वाचला की औषधाचा ओळख क्रमांक, मूळ औषधाचे नाव, ब्रँडचे नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक अशी आठ प्रकारची माहिती समोर यायला हवी. स्ट्रिपवर छापलेला बॅच क्रमांक व तारीख आणि कोडमधून आलेली माहिती जुळत नसेल, तर ते पाकीट घेऊ नये आणि दुकानदाराच्या लक्षात आणून द्यावे.

ही सोय चांगली असली तरी तिची मर्यादा समजून घेतली पाहिजे, नाही तर कोड आहे म्हणजे औषध खरेच आहे असा खोटा विश्वास निर्माण होईल. कोड ही शेवटी छापील आकृती आहे. ज्याला गोळ्यांची संपूर्ण स्ट्रिप हुबेहूब छापता येते, त्याला खऱ्या पाकिटावरचा कोड उचलून हजार खोट्या पाकिटांवर छापणे मुळीच अवघड नाही, आणि त्या प्रत्येक पाकिटावरचा कोड वाचल्यावर माहिती बरोबरच येईल. आपल्या नियमाने मागितलेली माहिती बॅचपुरती आहे. एका बॅचमध्ये हजारो, कधी लाखो पाकिटे असतात आणि त्या सर्वांवर एकच माहिती असली तरी नियमाचे पालन होते.

युरोपीय संघाने ९ फेब्रुवारी २०१९ पासून जी पद्धत लागू केली, ती या ठिकाणी एक पाऊल पुढे गेली आहे. तेथे चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक खोक्याला स्वतःचा स्वतंत्र अनुक्रमांक असतो आणि खोके आधी कोणी उघडले असेल तर ते दिसून येईल असे सील असते. कारखान्यातून निघतानाच तो अनुक्रमांक एका मध्यवर्ती नोंदवहीत चढवला जातो, आणि फार्मासिस्ट रुग्णाला खोके देतो तेव्हा कोड वाचून तो क्रमांक वापरला गेल्याची नोंद करतो. बँकेत एकदा वटलेला धनादेश जसा पुन्हा वटत नाही, तसा तो क्रमांक त्यानंतर दुसऱ्या कोणत्याही दुकानात चालत नाही. बनावट करणाऱ्याने कोडची नक्कल केली, तरी पहिले खोके विकले जाताच बाकीची सगळी खोकी पडद्यावर इशारा देऊ लागतात. म्हणजे फसवणूक पकडण्याचे काम कोडपेक्षा त्याच्यामागची नोंदवही करते. अमेरिकेनेही २०१३ मध्ये कायदा करून कारखान्यापासून दुकानापर्यंतच्या प्रवासाची नोंद टप्प्याटप्प्याने सक्तीची केली आहे. भारताला हे करायचे झाल्यास लाखो दुकानांना वाचन-यंत्र, इंटरनेट आणि एका सामायिक नोंदवहीशी जोडणी लागेल.

आपल्याकडे याहून साधी पण नेमकी अडचण आहे ती सुट्या गोळ्यांची. दहा गोळ्यांची पूर्ण स्ट्रिप घेणे अनेकांना परवडत नाही किंवा त्यांना तितक्या लागतही नाहीत, म्हणून दुकानदार कात्रीने चार गोळ्या कापून देतो. बॅच क्रमांक आणि मुदत बहुधा स्ट्रिपच्या एका कडेला असतात, कोडही एकाच ठिकाणी असतो, त्यामुळे कापलेल्या तुकड्यावर नावाची दोन अक्षरे आणि रुपेरी कागद एवढेच उरते. घरच्या डब्यात महिनाभराने तो तुकडा सापडला की तो कशाचा आहे आणि अजून घेण्याजोगा आहे का, हे कोणालाच सांगता येत नाही. स्ट्रिपच्या मागच्या बाजूला प्रत्येक गोळीमागे नाव, बॅच आणि मुदत छापणे तंत्रदृष्ट्या अशक्य नाही, आणि माझ्या मते आपल्या देशात चकचकीत कोडपेक्षा त्याची गरज आधी आहे. तोपर्यंत स्ट्रिप कापताना तारखेची कड गिऱ्हाइकाला दाखवणे किंवा छोट्या पाकिटावर लिहून देणे एवढे तरी दुकानात व्हायला हवे.

बॅच क्रमांकाचा आणखी एक उपयोग फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला तपासणीत अप्रमाणित ठरलेल्या औषधांची यादी बॅच क्रमांकासह प्रसिद्ध करते. दुकानातल्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक विक्रीसोबत बॅच क्रमांक नोंदवलेला असेल, तर ती बॅच कोणाकोणाला विकली गेली हे काही क्षणांत शोधून त्या रुग्णांना फोन करता येतो. बिल न घेता औषध घेतले की हा धागा तुटतो. रुग्णाने बिल मागणे हा म्हणूनच केवळ हिशेबाचा प्रश्न राहत नाही.

दुसरी खातरजमा चिठ्ठीची. डॉक्टरांचे अक्षर हा आपल्याकडे चेष्टेचा विषय असला, तरी वाचण्यातली चूक जिवावर बेतू शकते, कारण भारतात हजारो ब्रँड आहेत आणि त्यांतल्या अनेकांची नावे एका अक्षराच्या फरकाने सारखी आहेत. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने २०१६ मध्ये नियमात बदल करून औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत असे सांगितले. तरीही दवाखान्यातली गर्दी आणि सवय यांमुळे फरक मर्यादितच पडला. संगणकावर तयार झालेली चिठ्ठी वाचण्याचा प्रश्न मुळातूनच सोडवते. मात्र यात एक घोटाळा टाळला पाहिजे. हाताने लिहिलेल्या कागदाचा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो म्हणजे ई-प्रिस्क्रिप्शन नव्हे. त्यात गिचमिड अक्षर तसेच राहते, शिवाय तोच फोटो पाच दुकानांत पाठवून पाच वेळा झोपेच्या गोळ्या घेता येतात. खऱ्या ई-प्रिस्क्रिप्शनमध्ये डॉक्टर ठरलेल्या सूचीतून औषध निवडतात, त्यावर त्यांची डिजिटल सही असते, आणि औषध दिले गेले की चिठ्ठीवर तशी नोंद होते. इंग्लंडमध्ये डॉक्टरांनी संगणकावर केलेली चिठ्ठी थेट रुग्णाने निवडलेल्या औषधालयात पोचते आणि बहुतेक वेळा कागद मध्ये येतच नाही. भारतात सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ अंकी आभा क्रमांकाला (रुग्णाच्या आरोग्य खात्याच्या क्रमांकाला) चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल आणि औषधांची नोंद जोडण्याची व्यवस्था आहे. क्रमांक बऱ्याच जणांनी काढला आहे. पण गल्लीतला दवाखाना आणि नाक्यावरचे मेडिकल जोवर त्या साखळीत येत नाहीत, तोवर रुग्णाची फाइल त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीतच राहणार.

हाताच्या अक्षराचा अर्थ लावणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही तयार होत आहेत. गूगलने डिसेंबर २०२२ मध्ये भारतातच अशा प्रकल्पाची घोषणा केली होती. ती मदतनीस म्हणून ठीक आहेत. अडलेला फार्मासिस्ट डॉक्टरांना फोन करून विचारतो. यंत्र मात्र सर्वांत संभाव्य नाव सुचवते, आणि ते नाव पडद्यावर स्वच्छ टंकात उमटले की अंदाजालाही निश्चितीचे रूप येते. म्हणून अशा साधनाने आपल्याला खात्री नसल्याचे ठळकपणे सांगणे हा त्याचा सर्वांत महत्त्वाचा गुण मानला पाहिजे.

तिसरा प्रश्न, म्हणजे या रुग्णाला हे औषध चालेल का, हा या सगळ्याचा गाभा आहे आणि तिथेच फार्मासिस्टचे खरे शिक्षण पणाला लागते. एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, साठीतल्या एका बाईंना संधिवात आहे आणि त्यासाठी त्या मेथोट्रेक्सेट हे औषध घेतात. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदाच, ठरावीक वारी घ्यायचे असते. त्यासोबत दुष्परिणाम कमी करण्यासाठी फोलिक अ‍ॅसिड दिले जाते, आणि दोन्ही गोळ्या अनेकदा लहान व पिवळ्याच असतात. घरात मदतीला आलेल्या कोणी ‘रोज एक’ समजून मेथोट्रेक्सेट रोज दिले, तर तोंड सोलवटते, रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात आणि साध्या संसर्गाने मृत्यू ओढवू शकतो. असे अपघात अनेक देशांत नोंदले गेले आहेत. आता याच बाईंना लघवीला जळजळ होऊ लागली, त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि त्यांनी को-ट्रायमोक्साझोल हे जुने, स्वस्त प्रतिजैविक लिहून दिले, असे समजा. हे प्रतिजैविकही शरीरातील फोलिक अ‍ॅसिडच्या वापरावर घाला घालते आणि मूत्रपिंडावाटे मेथोट्रेक्सेट बाहेर पडण्याचा वेग कमी करते. दोन्ही एकत्र आली की अस्थिमज्जेचे, म्हणजे हाडांतील रक्तपेशी तयार करणाऱ्या भागाचे, काम कोलमडू शकते. पहिल्या डॉक्टरांना दुसरी चिठ्ठी ठाऊक नाही, दुसऱ्यांना पहिली ठाऊक नाही. दोन्ही चिठ्ठ्या एकत्र येण्याची शक्यता असलेली जागा एकच, ती म्हणजे औषधाचे दुकान.

संगणक इथे दोन कामे करू शकतो. बिल करताना मेथोट्रेक्सेट निवडले की तो ‘आठवड्यातून कोणत्या वारी?’ असा प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ देत नाही, आणि पाकिटावर तो वार छापतो. तसेच त्याच रुग्णाच्या नावावर को-ट्रायमोक्साझोल चढवताच तो लाल रंगात इशारा देतो. यासाठी लागणारे ज्ञान नवे नाही, पुस्तकांत ते कित्येक वर्षे आहे. नवे आहे ते हे की योग्य वेळी, योग्य माणसासमोर ते आपोआप येते. त्याहून साध्या गोष्टीही यात पकडल्या जातात. तापाची गोळी, सर्दीची गोळी आणि अंगदुखीची गोळी अशी तीन वेगळ्या नावांची औषधे घेणाऱ्याला तिन्हींत पॅरासिटामॉल आहे हे कळत नाही. मूळ घटकांची बेरीज करणारे सॉफ्टवेअर एकूण मात्रा लगेच दाखवते, आणि प्रौढांसाठी दिवसाला चार ग्रॅमची कमाल मर्यादा ओलांडली जात असेल तर थांबवते.

या इशाऱ्यांनाही एक रोग लागतो, त्याची गंभीर दखल घेतली पाहिजे. सॉफ्टवेअर बनवणारे कोणताही धोका सुटू नये म्हणून क्षुल्लक बाबींवरही इशारे देतात. दिवसभरात असे शेकडो चौकोन पडद्यावर उमटले की माणूस न वाचताच ते बंद करू लागतो. रुग्णालयांतील अनेक अभ्यासांत असे दिसले आहे की डॉक्टर आणि फार्मासिस्ट बहुतांश इशारे बाजूला सारतात. मग मेथोट्रेक्सेटचा खरा इशारासुद्धा त्याच गर्दीत हरवतो. थोडे पण नेमके इशारे देणारी व्यवस्था अधिक सुरक्षित असते, आणि ती घडवण्यासाठी काउंटरवर काम केलेल्या फार्मासिस्टचे मत सॉफ्टवेअर बनवताना घ्यावे लागते. दुसरी अडचण माहितीची आहे. रुग्णाचे मूत्रपिंड कितपत काम करते हे ठाऊक नसेल, तर कित्येक औषधांची मात्रा बरोबर आहे की नाही हे सांगताच येत नाही. इंग्लंडमधील औषधालयांना रुग्णाच्या संमतीने त्याच्या वैद्यकीय नोंदींचा सारांश पाहता येतो. आपल्याकडे दुकानदाराकडे सहसा रुग्णाचा मोबाइल क्रमांक तेवढा असतो.

मोठ्या रुग्णालयांत बारकोडचा वापर रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचला आहे. परिचारिका रुग्णाच्या मनगटावरील पट्टी आणि औषधाचे पाकीट दोन्ही यंत्राने वाचते आणि जुळणी झाली नाही तर संगणक अडवतो. बॉस्टनमधील ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, औषध देण्याच्या वेळेशी संबंधित नसलेल्या चुका या पद्धतीने सुमारे ४१ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. औषधांच्या क्षेत्रात इतका स्पष्ट परिणाम दाखवणारी साधने थोडी आहेत. गोळ्या मोजून पाकिटबंद करणारे यंत्रमानवही काही देशांत रुळले आहेत. त्यांनी वाचवलेला वेळ रुग्णाशी बोलण्यासाठी वापरला गेला तरच त्यांचा रुग्णाला उपयोग.

साठवणुकीकडे आपण फारच दुर्लक्ष करतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. ते गोठले तर निकामी होते, आणि नंतर वितळल्यावर कुपीकडे पाहून ते ओळखता येईलच असे नाही. घरगुती फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवलेली कुपी, किंवा भारनियमनाच्या काळात दुपारभर बंद पडलेला दुकानाचा फ्रिज, यांमुळे रुग्णाची साखर का उतरत नाही हे कोडे डॉक्टरांना सुटत नाही आणि मात्रा वाढत जाते. तापमान सतत नोंदवणारे आणि मर्यादा ओलांडली की मोबाइलवर संदेश पाठवणारे छोटे यंत्र हा यावरचा उपाय आहे. सरकारी लसीकरणात ई-विन या प्रणालीद्वारे देशभरातील शीतसाखळी केंद्रांचे तापमान आणि साठा दोन्ही अशाच प्रकारे पाहिले जातात. महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्य विभाग औषधसाठ्यासाठी ई-औषधी ही प्रणाली वापरतो, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषध निर्माण अधिकाऱ्याच्या नोंदींवर तिची अचूकता उभी असते. एका केंद्रात औषध मुदतबाह्य होत असताना शेजारच्या केंद्रात त्याचा तुटवडा असणे ही परिस्थिती संगणकावर दिसू शकते, पण त्यासाठी रोजचा खर्च रोज नोंदवला जायला हवा. दुर्गम भागांसाठी ड्रोनचेही प्रयोग झाले आहेत. जानेवारी २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावी कोरोनाच्या लशी ड्रोनने पोचवण्यात आल्या. पावसाळ्यात रस्ते बंद होणाऱ्या पाड्यांवर सर्पदंशावरील प्रतिविष वेळेत पोचवणे हा या साधनाचा सर्वांत मोलाचा उपयोग ठरू शकेल.

चौथी गोष्ट घरी घडते, म्हणून ती सर्वांत अवघड. क्षयरोगाचा उपचार सहसा किमान सहा महिने चालतो आणि बरे वाटू लागले की गोळ्या सोडण्याचा मोह होतो. मध्येच सोडल्यास जंतू औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. यावर भारतात तयार झालेली ‘९९डॉट्स’ ही युक्ती मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण ती साध्या फोनवर चालते. गोळ्यांची स्ट्रिप एका खास कागदी पाकिटात बसवलेली असते. गोळी दाबून बाहेर काढली की तिच्यामागे दडलेला फोन क्रमांक दिसतो, आणि कोणत्या गोळीमागे कोणता क्रमांक आहे हे रुग्णाला आधी कळत नाही. त्याने त्या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला की त्या दिवसाची गोळी घेतल्याची नोंद होते. रुग्णाला खर्च शून्य आणि आरोग्य कर्मचाऱ्याला कोण मागे पडत आहे हे संगणकावर दिसते. पुढे चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईतील रुग्णांच्या घरी पूर्वसूचना न देता जाऊन लघवीची तपासणी करण्यात आली, तेव्हा मात्र फोनच्या नोंदी आणि प्रत्यक्ष सेवन यांत बरेच अंतर असल्याचे दिसले: काही जण गोळी घेत पण फोन करत नसत, तर काहींच्या बाबतीत उलट घडत होते. अमेरिकेत २०१७ मध्ये याच्या दुसऱ्या टोकाचा उपाय मंजूर झाला. एका मानसिक आजारावरील गोळीतच सूक्ष्म संवेदक बसवला गेला, जो पोटात गेल्यावर छातीवरील पट्टीला संदेश देतो. माणसाच्या शरीरातून अशी बातमी बाहेर जावी का, हा प्रश्न त्या वेळी योग्यच विचारला गेला. रुग्ण गोळ्या का सोडतो हे दोन्ही साधनांना कळत नाही. मळमळते म्हणून, मजुरी बुडते म्हणून, की घरच्यांपासून आजार लपवायचा म्हणून, हे विचारल्याशिवाय समजत नाही, आणि महिन्यातून एकदा त्याच्या समोर उभा राहणारा फार्मासिस्ट ते विचारू शकतो.

ऑनलाइन विक्रीमुळे ही समोरासमोरची भेटच नाहीशी होण्याची शक्यता आहे, आणि कायदा या बाबतीत रेंगाळला आहे. ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध केला, त्याच वर्षी प्रकरण उच्च न्यायालयांत पोचले, आणि त्यानंतर वर्षे लोटूनही तो मसुदा नियमात उतरला नाही. दरम्यान टाळेबंदीत, मार्च २०२० मध्ये, परवानाधारक दुकानांना घरपोच औषधे देण्याची मुभा मिळाली. तिच्यात दुकान आणि रुग्ण एकाच महसुली जिल्ह्यात असावेत, तसेच अमली व मानसिक परिणाम करणारी औषधे आणि ‘एच-१’ परिशिष्टातील औषधे वगळावीत अशा अटी होत्या. ‘एच-१’मध्ये महत्त्वाची प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे येतात, १ मार्च २०१४ पासून त्यांच्या प्रत्येक विक्रीची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करून ती तीन वर्षे जपावी लागते. घरपोच सेवा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी वरदान आहे, तिला सरसकट विरोध करणे मला पटत नाही. परंतु औषधासोबत फार्मासिस्टचा फोन यायला हवा, आणि नवे औषध सुरू होताना तर तो सक्तीचा असायला हवा.

आणखी पुढच्या काळाविषयी थोडक्यात. त्रिमितीय छपाईने बनवलेल्या गोळीला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. अपस्मारावरील ही गोळी घोटभर पाण्यात काही सेकंदांत विरघळते. याच तंत्राने लहान मुलाच्या वजनाप्रमाणे नेमक्या मात्रेची गोळी रुग्णालयातच छापता येईल, आणि मोठ्यांची गोळी सुरीने चार भागांत तोडण्याची वेळ येणार नाही. जनुकांच्या तपासणीमुळे कोणाला कोणते औषध बाधेल हे काही बाबतींत आधीच कळते. उदाहरणार्थ, विशिष्ट जनुकप्रकार असलेल्या आशियाई व्यक्तींत कार्बामाझेपिन या अपस्मारावरील औषधामुळे त्वचा सोलून निघणारी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून आधी चाचणी करण्याची सूचना दिली जाते. अशा अहवालाचा अर्थ रुग्णाला समजावून सांगणे हेही उद्या फार्मासिस्टच्या कामात येईल.

हे सारे भारतात कोण करणार, हा प्रश्न आता टाळता येत नाही. फार्मसी कायदा १९४८ चा आहे. चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे असे त्यात स्पष्ट म्हटले आहे, आणि २०१५ च्या व्यवसाय नियमांनी रुग्णाला सल्ला देणे हे त्याचे कर्तव्य ठरवले आहे. रुग्णालयातील कामासाठी तयार करणारा सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रमही २००८ पासून आहे. असे असूनही कित्येक दुकानांत भिंतीवर ज्याचे प्रमाणपत्र असते, तो माणूस काउंटरमागे नसतो. तो नसेल तर संगणकाचा लाल इशारा वाचणारा मुलगा फक्त तो बंद करायला शिकतो.

याच्या मुळाशी पैशाची रचना आहे. आपल्याकडे औषध दुकानाचे उत्पन्न विकलेल्या मालावरील नफ्यातूनच येते. फार्मासिस्टने दहा मिनिटे देऊन ‘ही दोन औषधे एकत्र घेऊ नका’ किंवा ‘या सर्दीला प्रतिजैविकाची गरज नाही’ असे सांगितले, तर त्याचे विक्रीचे नुकसान होते आणि सल्ल्याचे काहीच मिळत नाही. चुकीची विक्री थांबवणारे सॉफ्टवेअर दुकानदाराने स्वतःच्या पैशाने विकत घ्यावे, अशी अपेक्षा या रचनेत टिकणारी नाही. इंग्लंडने ३१ जानेवारी २०२४ पासून घसादुखी, कानदुखी, नागीण, स्त्रियांमधील साधा मूत्रमार्ग संसर्ग अशा सात तक्रारींसाठी लोकांना थेट औषधालयात जाण्याची सोय केली, आणि त्या तपासणी-सल्ल्याचे ठरावीक शुल्क सरकार औषधालयाला देते, मग औषध दिले जावो वा न जावो. तेथील संगणकीय नोंदी, ई-चिठ्ठ्या आणि इशारे उपयोगी पडतात, कारण ते वापरण्यात घालवलेल्या वेळेचा मोबदला मिळतो. आपल्याकडे सुरुवात लहान करता येईल: मधुमेह, उच्च रक्तदाब आणि क्षयरोग या तीन आजारांच्या रुग्णांना महिन्यातून एकदा दिलेल्या नोंदवलेल्या सल्ल्यासाठी, औषधाच्या किमतीशी संबंध नसलेले शुल्क सार्वजनिक आरोग्य योजनांतून नोंदणीकृत फार्मासिस्टला मिळावे, आणि ती नोंद रुग्णाच्या संमतीने त्याच्या डॉक्टरांनाही दिसावी. एखाद्या जिल्ह्यात हा प्रयोग करून पाहण्यासाठी लागणारी बहुतेक साधने आजच हाताशी आहेत.